डोक्याचे माप, माणसाचे मोल

मराठी वाचकाला इरावती कर्वे हे नाव ‘युगांत’मुळे ठाऊक असते. महाभारतातील पात्रांकडे माणसे म्हणून पाहायला शिकवणारी लेखिका, ही त्यांची ओळख अमरावती-अकोल्यापासून कोल्हापूरपर्यंत सारखीच पक्की आहे. पण जर्मनीत डॉक्टरेटसाठी त्यांनी केलेले संशोधन महाभारताशी संबंधित नव्हते. ते होते माणसाच्या कवटीवर. डोक्याची डावी आणि उजवी बाजू तंतोतंत सारखी असते का, नसेल तर त्या फरकावरून कोणता समाज वरचा आणि कोणता खालचा हे ठरवता येते का, असा तो प्रश्न होता. मेंदूची वाढ आणि स्किझोफ्रेनियासारखे गंभीर मानसिक आजार यांचा अभ्यास करणारे आजचे शास्त्रज्ञही डाव्या-उजव्यातला हा फरक मोजत आहेत. त्यामुळे इरावतीबाईंचे आयुष्य आरोग्याच्या अंगानेही पाहण्याजोगे आहे.

इरावतीबाईंचा जन्म १५ डिसेंबर १९०५ रोजी ब्रह्मदेशातील मिंज्यान येथे झाला. वडील गणेश हरी करमरकर तिथे कापसाच्या एका कंपनीत नोकरीला होते. तिथल्या इरावती नदीवरून मुलीचे नाव ठेवले गेले. सातव्या वर्षी तिला शिक्षणासाठी पुण्याला हुजूरपागेत धाडण्यात आले. शाळेत शकुंतला परांजपे या मुलीशी मैत्री जमली आणि त्या मैत्रीमुळे ती रँग्लर परांजप्यांच्या घरी राहू लागली. फर्ग्युसन महाविद्यालयाच्या प्राचार्यांचे ते घर पुस्तकांनी आणि मोकळ्या चर्चांनी भरलेले होते. १९२६ साली तत्त्वज्ञान विषय घेऊन इरावती पदवीधर झाली. पुढे मुंबई विद्यापीठात डॉ. गो. स. घुर्ये यांच्या मार्गदर्शनाखाली तिने समाजशास्त्रात एम.ए. केले. याच काळात महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे चिरंजीव दिनकर यांच्याशी तिचा विवाह झाला.

दिनकरराव रसायनशास्त्रज्ञ होते. त्यांची स्वतःची डॉक्टरेट जर्मनीतली. पत्नीनेही तिकडे जाऊन शिकावे, असे त्यांना वाटत होते. स्त्रीशिक्षणासाठी आयुष्य वाहिलेल्या महर्षींना मात्र सुनेने त्यासाठी परदेशी जावे हे पसंत नव्हते. दिनकररावांनी आपला बेत बदलला नाही. पुढे गुजरातचे पहिले मुख्यमंत्री झालेले डॉ. जीवराज मेहता यांनी कर्ज दिले आणि नोव्हेंबर १९२८ मध्ये, तेवीस वर्षेही पुरी झालेली नसताना, इरावतीबाई जर्मनीच्या प्रवासाला निघाल्या.

बर्लिनच्या डालेम भागात मानवशास्त्र, मानवी आनुवंशिकता आणि वंशसुधारणा या विषयांची कैसर विल्हेल्म संस्था आदल्याच वर्षी, १९२७ साली, सुरू झाली होती. तिचे संचालक ऑयगेन फिशर हे जगभर नावाजलेले मानवशास्त्रज्ञ होते. जर्मनीच्या ताब्यातील नैर्ऋत्य आफ्रिकेत मिश्र विवाहांतून जन्मलेल्या लोकांचा त्यांनी १९०८ साली अभ्यास केला होता आणि अशा विवाहांना त्यांचा विरोध होता. युरोपातील गोऱ्या माणसांच्या कवटीची उजवी-डावी बाजू अधिक असमान असते, कारण त्यांच्या मेंदूचा उजवा पुढचा भाग मोठा असतो आणि म्हणून ते अधिक विचारी व बुद्धिमान असतात, असे त्यांचे गृहीतक होते. हे गृहीतक आकड्यांनी सिद्ध करण्याचे काम त्यांनी या भारतीय विद्यार्थिनीकडे सोपवले.

संस्थेच्या संग्रहात वसाहतींतून आणलेल्या कवट्यांचे ढीग होते. त्यातल्या कित्येक पूर्व आफ्रिकेसारख्या प्रदेशांतून, मृतांच्या नातेवाइकांना न विचारता उचलून आणलेल्या होत्या. इरावतीबाईंनी १४९ कवट्या मोजल्या. प्रत्येक कवटीवर ठरावीक बिंदू धरून डाव्या बाजूचे अंतर आणि उजव्या बाजूचे अंतर वेगवेगळे घ्यायचे, त्यातील फरक मांडायचा आणि मग निरनिराळ्या प्रदेशांतील कवट्यांची तुलना करायची, असे ते चिकाटीचे काम होते.

निष्कर्ष गुरूंच्या अपेक्षेविरुद्ध निघाला. असमानता सगळीकडेच होती. युरोपियन कवट्यांत होती, आफ्रिकी कवट्यांत होती आणि तिचा वंशाशी काही संबंध दिसत नव्हता. वयाने लहान, परदेशी, कर्ज काढून आलेली विद्यार्थिनी आणि समोर त्या विषयातला सर्वांत वजनदार माणूस, अशी परिस्थिती होती. आकडे थोडे इकडेतिकडे झुकवता आले असते. इरावतीबाईंनी जे मोजले तेच लिहिले. फिशर यांनी त्यांना उत्तीर्ण केले, पण सर्वांत खालची श्रेणी देऊन. १९३० साली डॉक्टरेट मिळाली आणि पुढच्या वर्षी प्रबंध छापला गेला. त्याच्या नावातच ‘मानवी कवटीची सामान्य असममिती’ असे शब्द आहेत. त्यातला ‘सामान्य’ हा शब्द महत्त्वाचा. दोन्ही बाजू थोड्या वेगळ्या असणे हे कुणाचे वैगुण्य नाही आणि कुणाचे भूषणही नाही. माणसाची घडणच तशी आहे, हे त्या एका शब्दात आले.

डोक्याची मापे घेण्याचा तो उद्योग पुढे कुठे गेला, हे पाहिले म्हणजे त्या प्रबंधाचे मोल कळते. १९३३ साली हिटलर सत्तेवर आला. त्याच वर्षी फिशर बर्लिन विद्यापीठाचे कुलगुरू झाले आणि जुलैमध्ये सक्तीच्या नसबंदीचा कायदा मंजूर झाला. ज्यांची नसबंदी करायची त्या आजारांच्या यादीत स्किझोफ्रेनिया होता. कायद्याच्या अंमलबजावणीसाठी खास न्यायालये बसवण्यात आली आणि डालेमच्या संस्थेतील शास्त्रज्ञ त्यांना मते देऊ लागले. १९३९ पासून मनोरुग्णालयांतील रुग्णांना ठार मारण्याची मोहीम सुरू झाली. ऑगस्ट १९४१ पर्यंत विषारी वायूच्या केंद्रांत सत्तर हजारांहून अधिक रुग्ण मारले गेले. स्किझोफ्रेनियाच्या ज्या रुग्णांची नसबंदी किंवा हत्या झाली, त्यांची संख्या किमान २ लाख २० हजार असावी, असा अंदाज दोन अमेरिकी अभ्यासकांनी २०१० साली मांडला. विज्ञानाच्या नावाने केलेल्या या संहाराने आजार कमी झाला का, हेही त्यांनी तपासले. युद्धानंतरच्या जर्मनीत स्किझोफ्रेनियाचे नवे रुग्ण पूर्वीसारखेच आढळत राहिले होते.

इरावतीबाई त्याआधीच भारतात परतल्या होत्या. काही वर्षे त्यांनी महिला विद्यापीठाच्या कुलसचिव म्हणून काम पाहिले. कचेरीच्या कामात त्यांचा जीव रमेना. १९३९ साली पुण्याचे डेक्कन कॉलेज संशोधन संस्था म्हणून नव्याने सुरू झाले आणि त्यांना आपली जागा सापडली. समाजशास्त्र आणि मानवशास्त्राच्या विभागाची धुरा त्यांनी अखेरपर्यंत वाहिली. पुण्याच्या रस्त्यावर स्कूटर चालवणाऱ्या पहिल्या स्त्रियांपैकी त्या एक. नवऱ्याला ‘दिनू’ अशी नावाने हाक मारणाऱ्या. घरी जय, आनंद आणि गौरी ही तीन मुले आणि बाहेर सततची भटकंती, असा त्यांचा संसार होता.

डेक्कन कॉलेजातील त्यांचे सहकारी डॉ. हसमुख सांकलिया हे पुरातत्त्वज्ञ. गुजरातेत मेहसाणा जिल्ह्यात लांघणज नावाचे गाव आहे. तिथल्या वाळूच्या टेकाडावर १९४४ पासून सांकलियांनी उत्खनन हाती घेतले आणि त्यात इरावतीबाई सहभागी झाल्या. बोटाच्या पेराएवढी, गारगोटीच्या जातीच्या दगडांची धारदार हत्यारे तिथे विपुल मिळाली. हरणे, रानडुक्कर, गेंडा अशा प्राण्यांची हाडे मिळाली. त्यांच्याच सोबत माणसांचे सांगाडे होते, पाय पोटाशी घेऊन कुशीवर झोपवल्यासारखे पुरलेले. शेती न करता शिकारीवर आणि रानातल्या कंदमुळांवर जगणाऱ्या लोकांचे एवढे अवशेष पश्चिम भारतात प्रथमच हाती आले होते. नंतरच्या कालमापनातून असे दिसले की, त्या वस्तीचा काही काळ सुमारे चार हजार वर्षांपूर्वीचा आहे. म्हणजे शेजारच्या मुलखात नगरे, शेती आणि व्यापार असताना हे शिकारी आपल्या पद्धतीने जगत होते. एक तांब्याची सुरीही तिथे सापडली आहे. शहरातल्या माणसांशी त्यांची देवाणघेवाण असावी.

सांकलिया आणि इरावतीबाई यांचा लांघणजवरील लेख १९४९ साली अमेरिकेतील मानवशास्त्राच्या प्रमुख नियतकालिकात आला. त्या काळच्या रीतीप्रमाणे या लेखनात कवट्यांच्या ठेवणीवरून ईशान्य आफ्रिकेतील लोकांशी साम्य सुचवले होते. पुढे १९६० च्या दशकात इतर तज्ज्ञांनी तेच सांगाडे पुन्हा तपासले आणि हा तर्क टिकला नाही. कवटीवरून वंश ठरवण्याचा मोह किती जुना आणि किती चिवट होता, हे यातून कळते. बर्लिनमध्ये तो खोडून काढणाऱ्या अभ्यासकाच्या लेखणीतही तो उतरला होता.

शिकार करून जगणारी माणसे बुद्धीने कमी असणार, हा समज मात्र विज्ञानाने पार निकालात काढला आहे. कवटीच्या आतील पोकळीचे संगणकीय साचे करून शास्त्रज्ञांनी दाखवले आहे की, मेंदूचा आजचा गोलसर आकार सुमारे ३५ हजार वर्षांपूर्वीपर्यंत तयार झाला होता. लांघणजचा शिकारी त्याच्या कितीतरी नंतरचा. त्याच्या डोक्यात तुमच्या-आमच्यासारखाच मेंदू होता.

याचा पुरावा पाहायला वऱ्हाडच्या वाचकाला गुजरातला जायला नको. मोर्शीच्या पुढे, महाराष्ट्राची हद्द ओलांडताच, बैतूल जिल्ह्यातील धारूळच्या परिसरात सातपुड्याच्या कपारी आहेत. तिथे २००७ साली अमरावती जिल्ह्यातील निसर्गप्रेमींच्या एका गटाला दगडावर काढलेली प्राण्यांची आणि माणसांची जुनी चित्रे सापडली. डोळ्यासमोर नसलेला प्राणी आठवून त्याची रेषा खडकावर उतरवायची, तर आठवण, कल्पना आणि हाताचे कसब तिन्ही लागतात. ज्या हातांनी ती चित्रे काढली, त्यांना अर्धवट मेंदूचे म्हणण्याची सोय उरत नाही.

पुढच्या वीस वर्षांत इरावतीबाईंनी जिवंत माणसांचीही मापे घेतली. इंग्रज अधिकारी हर्बर्ट रिस्ले याने नाकाच्या मापावरून भारतातील जातींची उतरंड लावली होती. इरावतीबाईंनी मापाची साधने तीच घेतली, पण प्रश्न वेगळा विचारला. एकाच नावाची जात खरोखर एक आहे का? वि. म. दांडेकर यांच्यासमवेत महाराष्ट्रातील शरीरमापनाचा त्यांचा ग्रंथ १९५१ साली निघाला. कुंभार म्हटले की आपल्याला एक जात वाटते. प्रत्यक्षात थोरचाके, लहानचाके असे त्यांचे वेगवेगळे गट, चाके वेगळी आणि आपसांत सोयरीकही नाही. कैलाशचंद्र मल्होत्रा यांच्याबरोबर १९६८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात त्यांनी महाराष्ट्रातील ब्राह्मणांच्या आठ पोटगटांची तुलना केली. तिथेही एक मूळ फुटून आठ फांद्या झाल्या, असे चित्र दिसेना. वेगवेगळे गट शेजारी शेजारी येऊन एका नावाखाली गोळा झाले, असे त्यांचे मत बनले. आज जनुकांचा अभ्यास हाताशी असल्यामुळे नाका-डोक्याची मापे मागे पडली आहेत. तरी जातीचे नाव म्हणजे रक्ताचा पुरावा नव्हे, हे त्यांचे म्हणणे आजही विचारात घ्यावे लागते.

भारतातील नातेव्यवस्थेवरील त्यांचा इंग्रजी ग्रंथ १९५३ सालचा. उत्तर, मध्य, दक्षिण आणि पूर्व असे देशाचे चार पट्टे त्यांनी कल्पिले आणि नाती व भाषा यांची सांगड घातली. मेळघाटात गेले की या सांगडीचा अर्थ उमगतो. धारणी-चिखलदऱ्याकडे कोरकू माणूस जी भाषा बोलतो, तिची बहीणभावंडे झारखंडातील संथाळी आणि मुंडारी. शेजारच्या गोंडाची बोली द्राविडी कुळातली आणि बाजाराच्या दिवशी कानावर पडणारी वऱ्हाडी मराठी आर्य कुळातली. तीन भाषाकुळे एका तालुक्यात नांदतात. यातला कुणी दुसऱ्याची मागे राहिलेली आवृत्ती नाही. प्रत्येकाचा इतिहास तितकाच लांब आहे.

‘युगांत’ १९६७ साली आले आणि पुढच्या वर्षी त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. कोयना धरणाने उठवलेल्या गावांचा अभ्यास हे इरावतीबाईंच्या अखेरच्या कामांपैकी एक. कन्या जय निंबकर यांच्यासह केलेला हा अहवाल १९६९ साली प्रसिद्ध झाला. ११ ऑगस्ट १९७० रोजी, वयाच्या ६४ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

त्यांनी बर्लिनमध्ये हाताळलेला प्रश्न मात्र बंद झाला नाही. मेंदू बाहेरून अखंड दिसला, तरी त्याच्या दोन अर्धगोलांत थोडा पीळ असतो. उजवा भाग कपाळाकडे किंचित पुढे आणि डावा भाग मानेकडे किंचित मागे आलेला असतो. बहुतेकांच्या बाबतीत भाषेचा कारभार डावीकडे चालतो. या फरकाची सुरुवात आईच्या पोटातच होते. असाच पीळ चिंपांझी आणि गोरिला यांच्या मेंदूतही आढळतो. फिशर ज्याला गोऱ्यांचे वैशिष्ट्य समजत होते, ते वानरांशीही वाटून घेतलेले निघाले.

ब्रिटिश मनोविकारतज्ज्ञ टिमोथी क्रो यांनी १९९० च्या दशकात एक कल्पना मांडली. माणसाला भाषा मिळाली ती मेंदूच्या या डाव्या-उजव्या वाटणीमुळे आणि ती वाटणी नीट झाली नाही की स्किझोफ्रेनिया होतो, असे त्यांना वाटत होते. कल्पना आकर्षक होती. तिची मोठी तपासणी २०२३ साली प्रसिद्ध झाली. अनेक देशांतील ५ हजारांहून अधिक रुग्ण आणि ६ हजारांहून अधिक निरोगी माणसे यांचे मेंदूचे एमआरआय त्यात एकत्र तपासले गेले. काही भागांत फरक दिसला, पण तो इतका बारीक की एखाद्याचे चित्र पाहून हा रुग्ण आणि हा निरोगी, असे सांगता येणार नाही. हजारो माणसांची सरासरी काढली तरच तो दिसतो.

स्किझोफ्रेनिया जगात सुमारे दर ३०० माणसांत एकाला असतो, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. तो बहुधा विशीच्या आसपास डोके वर काढतो. पौगंडावस्थेत मेंदू आपल्या पेशींमधील अनावश्यक जोडण्या छाटत असतो आणि या छाटणीत गडबड होत असावी, असा एक महत्त्वाचा अंदाज आहे. २०२२ सालच्या एका जनुकीय अभ्यासात या आजाराशी संबंधित २८७ जागा आढळल्या. त्यातली कोणतीही एकटी आजार घडवत नाही. गर्भावस्थेतील अडचणी, लहानपणचे आघात, गांजासारखी नशा यांचीही त्यात भर पडते. एका मापाने, एका जनुकाने किंवा एका घराण्याच्या नावाने या आजाराचा निवाडा होत नाही.

तरी घराघरांत असे निवाडे चालूच असतात. कॉलेजात जाणारा मुलगा एकाएकी खोलीत कोंडून घेतो, नसलेले आवाज ऐकू येतात म्हणतो, घरच्यांवर संशय घेतो. मग कुणी त्याला डोक्याने अधू ठरवतो, कुणी करणी झाली म्हणतो आणि बहिणीचे लग्न मोडेल म्हणून गोष्ट दडवली जाते. यात जातात ते पहिले महिने, जेव्हा औषधांचा उपयोग सर्वांत चांगला होण्याची शक्यता असते. नियमित उपचार आणि घरच्यांची साथ असेल तर कित्येक रुग्ण शिकतात, कामधंदा करतात आणि संसार सांभाळतात.

भारताच्या २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने मानसिक आजारावरचा उपाय म्हणून कुणाचीही नसबंदी करण्यास बंदी घातली आहे. रुग्णाला साखळदंडाने बांधून ठेवण्यासही मनाई आहे. बर्लिनमध्ये १९३३ साली जे कायद्याने लादले गेले, ते इथे कायद्याने रोखले आहे.

डालेममधील त्या संस्थेच्या इमारतीजवळ २०१४ साली खोदकाम चालू असताना मानवी हाडे सापडली. पुढच्या शोधात सुमारे १६ हजार तुकडे निघाले. ती माणसे कोण, कुठली, हे नक्की करता आले नाही. त्यांची वंशवार विभागणी पुन्हा करायची नाही, असे ठरले आणि मार्च २०२३ मध्ये बर्लिनच्याच एका दफनभूमीत सर्वांना एकत्र निरोप देण्यात आला.

(आवाज ऐकू येणे, टोकाचा संशय, अचानक एकलकोंडेपणा अशी लक्षणे दिसल्यास जिल्हा सामान्य रुग्णालयातील किंवा वैद्यकीय महाविद्यालयातील मनोविकार विभागात दाखवावे. ‘टेली मानस’ या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र मोफत उपलब्ध असून मराठीतही बोलता येते.)